बाइक सोडून मोठ्या इंजिनाची स्कूटर घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं दीडशे सीसीची बाइक चालवून मी चार वर्षांपूर्वी 155 सीसीच्या स्कूटरवर आलो. पुण्यात रोजचं ऑफिस आणि महिन्यातून दोनदा वाईला घरी, एवढा माझा वापर. तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशी स्कूटर निवडताना सीसीकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी चाक बघा, पेट्रोलची टाकी बघा आणि पायाजवळची जागा बघा.

‘मोठी स्कूटर’ म्हणजे नेमकी किती सीसीची?

आपल्याकडे 110 आणि 125 सीसी हे स्कूटरचं नेहमीचं माप. त्याच्या वर गेलात की मोठी म्हणायची. यामाहाची एरॉक्स 155 (माझी हीच) सप्टेंबर 2021 मध्ये आली. एप्रिलियाची एसआर आधी 150, मग 160 आणि आता 175 सीसीची झाली (नाव इटालियन, पण गाडी आपल्या बारामतीत बनते). 2025 मध्ये हिरोची झूम 160 आणि टीव्हीएसची एनटॉर्क 150 बाजारात आल्या.

सुझुकीची बर्गमन स्ट्रीट बघून पुष्कळ जण फसतात. अंगाने ती भारदस्त दिसते, पण इंजिन 125 सीसीचंच आहे. गाडी वाईट नाही, फक्त ती या यादीतली नाही.

परदेशात ‘मॅक्सी-स्कूटर’ म्हणतात ती याहून बरीच मोठी असते. सुझुकीची मूळची बर्गमन 1998 मध्ये आली ती 400 सीसीची होती. यामाहाची टीमॅक्स 2001 मध्ये 500 सीसीची आली. तसल्या गाड्यांबद्दल पुढे एक प्रश्न आहे.

बाइकच्या बरोबरीने पळते का?

दीडशेच्या बाइकच्या बरोबरीने, हो. एरॉक्सचं इंजिन 15 पीएसचं आहे (पीएस हे इंजिनाच्या ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखंच), झूमचंही जवळपास तेवढंच. यामाहाचीच 149 सीसीची एफझी 12.4 पीएसची आहे. म्हणजे कागदावर स्कूटर पुढे. ॲक्टिव्हाची ताकद जेमतेम आठ पीएसच्या आसपास असते, तेव्हा 110 वरून इथे आलात तर फरक पहिल्याच सिग्नलला कळतो.

आता कागद बाजूला ठेवू. हायवेवर दुचाकीला कायद्याने 80 ची मर्यादा आहे. या स्कूटरी 80 ला आरामात पळतात आणि ट्रक ओलांडायला थोडी ताकद हातात शिल्लक राहते. 110 च्या स्कूटरचं दुखणं नेमकं इथेच असतं. ती 70 च्या पुढे गेली की हँडल बोलायला लागतं, आणि ट्रकच्या बाजूला आल्यावर कळतं की आता पिळायला मूठच उरलेली नाही.

मात्र एरॉक्सचं इंजिन यामाहाच्याच आर15 या स्पोर्ट्स बाइकच्या इंजिनाच्या घराण्यातलं आहे हे ऐकून कुणी आर15 सारखी पळेल अशी आशा धरू नये. तिथे तेच 155 सीसी 18 पीएसच्या वर काढतं, आणि गिअर असतात.

रोजच्या ट्रॅफिकमध्ये खरंच फरक पडतो का?

मी बाइक सोडली ती याच कारणाने. वेगाशी किंवा ॲव्हरेजशी त्याचा संबंध नव्हता, डाव्या हाताच्या अंगठ्याखालचं दुखणं हे खरं कारण. हडपसर किंवा सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला पाच किलोमीटर जायचं तर क्लच किती वेळा दाबावा लागतो ते एकदा मोजून बघा. मी एकदा मोजायला घेतलं होतं, शंभरावर कंटाळून सोडून दिलं. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक सोडून काही काम नसतं.

दुसरं म्हणजे पावसाळा. बाइकवर पुढच्या चाकाचा चिखल थेट नडगीवर येतो. स्कूटरच्या पुढच्या पत्र्यामुळे पँट गुडघ्यापर्यंत बऱ्यापैकी कोरडी राहते. चेन नसल्यामुळे चेनला तेल सोडा, ताण काढा, पँटला लागलेला काळा डाग धुवा, हेही सगळं संपतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी घेताना माझ्या लक्षात आली नव्हती. बूट कोणताही चालतो. बाइकच्या गिअरने डाव्या बुटाचा चवडा वर्षभरात खरवडून निघायचा.

गिअर नाहीत, मग घाट चढते का?

चढते, आणि छान चढते. गिअर नाहीत असं आपण म्हणतो, पण खरं तर गिअर बदलायचं काम बेल्ट करतो. इंजिनाच्या बाजूला एक पुली असते, तिला व्हेरिएटर म्हणतात. तिच्यात गोल वजनं असतात, त्यांना मेकॅनिक रोलर म्हणतो. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि मागच्या पुलीत खाली उतरतो. झाला गिअर वरचा. चढावर चाक जड झालं की बेल्ट आपोआप उलट सरकतो, म्हणजे खालचा गिअर पडतो. तुम्ही फक्त मूठ पिळायची.

पसरणी घाटात मी डबलसीट, मागे बॅग बांधून 40–45 ने चढतो. 110 च्या स्कूटरवर तोच घाट 25–30 ने, तोही इंजिनाचं रडगाणं ऐकत. बाइकवर मात्र वळणात शिरायच्या आधी आपण दुसरा गिअर टाकून तयार राहतो, ती मजा स्कूटरवर नाही. मूठ पिळल्यावर ताकद यायला अर्धा क्षण लागतो. सवय होते.

आणि उतरताना?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरा विचारायला हवा तो हाच.

बाइकवर आपण दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडून देतो आणि इंजिनच तिला धरून ठेवतं. स्कूटरमध्ये मूठ सोडली तरी इंजिन थोडंफार धरतं, पण बाइकइतकं नाही. शिवाय वेग फारच कमी झाला, साधारण 15–20 च्या खाली, की आतला क्लच आपोआप सुटतो आणि गाडी न्यूट्रल टाकल्यासारखी मोकळी पळायला लागते. वरंधा घाटातल्या अरुंद वळणांवर हा अनुभव पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

उपाय सोपा आहे. गाडी मोकळी सुटली असं वाटलं की मूठ किंचित पिळायची आणि सोडायची. क्लच परत धरतो आणि इंजिनाचा अडथळा परत मिळतो. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. या गाड्यांपैकी बहुतेकींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. लांब उतारावर मागचा ड्रम धरून बसलात तर तो तापतो आणि हळूहळू लागेनासा होतो. कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरताना जळका वास आला तर बाजूला थांबा, चहा प्या, ड्रम गार होऊ द्या.

चाकं लहान असतात. खड्ड्यांचं काय?

आता मुद्द्याच्या गोष्टीवर आलो. एनटॉर्क 150 ची चाकं 12 इंची आहेत. एरॉक्स, झूम 160 आणि एप्रिलिया एसआर यांची 14 इंची. बाइकची 17 किंवा 18. खड्डा तोच असतो, पण 12 इंची चाक त्यात पूर्ण उतरतं आणि 17 इंची चाक कडेकडेने निभावून नेतं. 14 इंची चाक या दोघांच्या मध्ये बसतं, आणि माझ्या मते बाइक सोडून येणाऱ्याने याच्या खाली जाऊ नये. शहरातच फिरायचं असेल तर 12 इंची चालेल.

चाकाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बाइकचं इंजिन सांगाड्यात घट्ट बसवलेलं असतं. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाला जोडलेलं असतं आणि चाकाबरोबर वरखाली होतं. म्हणजे प्रत्येक खड्ड्यात मागच्या शॉकअपला फक्त चाक सांभाळायचं नसतं, अख्खं इंजिन सांभाळायचं असतं. त्यामुळे शॉकअप कितीही चांगला असला तरी स्कूटर मागून आपटते. एरॉक्सचा मागचा टायर 140 चा आहे, चांगला रुंद, रस्त्याला घट्ट धरून राहतो, पण आपटणं त्याने थांबत नाही.

माझा अनुभव असा की डांबरी रस्ता असेल, मग तो जरा खराब का असेना, स्कूटर चालते. मुरमाचा, दगडगोट्यांचा, शेताच्या बांधावरचा रस्ता रोजचा असेल तर नका घेऊ. वाईला आमच्या मळ्यात जायला शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता आहे. पावसाळ्यात मी गाडी देवळापाशी लावतो आणि चालत जातो. बाइक होती तेव्हा थेट गोठ्यापर्यंत जायचो. आईने हे अजून मनावर घेतलेलं आहे.

ॲव्हरेज किती?

मला शहरात 37–38 आणि हायवेवर 42–43 मिळतं. पिळून चालवली तर 35. दीडशेच्या बाइकवर मला 45–48 मिळायचं. बेल्टमध्ये थोडी ताकद घसरण्यात आणि तापण्यात वाया जाते, तो खर्च पेट्रोलमधून निघतो.

खरी अडचण ॲव्हरेजपेक्षा टाकीची आहे. एरॉक्सची टाकी साडेपाच लिटरची, एनटॉर्क 150 ची 5.8, झूम 160 ची 7. पल्सर 150 ची टाकी 15 लिटरची असते, अगदी स्प्लेंडरचीही 9.8. पुणे–वाई जाऊन-येऊन साधारण 180 किलोमीटर होतात. तेवढ्यात माझी टाकी तळाला लागते आणि शेवटचे वीस किलोमीटर मी रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त बघतो. आता सवयीने निघताना भरतो आणि येताना शिरवळला थांबतो. ताम्हिणीसारख्या वाटेने कोकणात उतरायचं असेल तर पंप कुठे आहे ते आधी बघून निघा.

डिक्कीत काय काय मावतं?

एरॉक्सची डिक्की साडेचोवीस लिटरची आहे. एक हेल्मेट, रेनकोट, दोन नारळ आणि पाण्याची बाटली, एवढं माझ्या गाडीत बसतं. लॅपटॉपची बॅग बसत नाही, ती पाठीवरच. हेल्मेटचा आकार वेगवेगळा असतो, त्यामुळे शोरूममध्ये जाताना स्वतःचं हेल्मेट घेऊन जा आणि सीट बंद होते का ते बघा. सेल्समनच्या हातातलं हेल्मेट नेहमीच बसतं.

पुढे पायाजवळ पोतं ठेवता येतं का?

नाही! आणि याच उत्तरावर निम्मे लोक विचार बदलतात, आणि बरोबरच करतात.

ॲक्टिव्हा, जुपिटर, ॲक्सेस यांना पुढे सपाट जागा असते. तांदळाचं पोतं, भाजीच्या पिशव्या, गणपतीची मूर्ती, भरलेला सिलिंडर (नेऊ नये, पण नेतात), शाळेत जाणारं पोर उभं, असं सगळं महाराष्ट्र त्या फूटभर जागेत मावतं. एरॉक्सला तिथे मधोमध उंचवटा आहे आणि पेट्रोलची टाकी त्याच्या आत आहे. पाय दोन बाजूंना ठेवायचे, मध्ये काही ठेवायचं नाही. फायदा असा की पेट्रोल भरताना सीट उघडायला लागत नाही. तोटा असा की महिन्याचा किराणा आणायला परत शेजारच्याची ॲक्टिव्हा मागावी लागते. मी मागतो.

एनटॉर्क 150 आणि एप्रिलिया एसआर यांना पुढे सपाट जागा आहे. घरात एकच गाडी असणार असेल आणि तिच्यावर संसार ओढायचा असेल तर या दोघींकडे आधी बघा. घरात एक छोटी स्कूटर आधीच आहे आणि ही बाइकच्या जागी घ्यायची आहे, असं असेल तर उंचवट्याची चिंता करू नका. बाइकवर तरी तुम्ही पोतं कुठे ठेवत होता?

गुडघे दुखतात. चढायला सोपी पडेल का?

सपाट जागेची असेल तर हो, पाय पुढून आत घालून बसता येतं. उंचवट्याची असेल तर पाय बाइकसारखाच मागून टाकावा लागतो किंवा उंचवट्यावरून उचलून न्यावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बाइक सोडणाऱ्या माझ्या एका काकांनी फोटो बघून उंचवट्याची गाडी बुक केली होती. पहिल्या दिवशी चढताना लक्षात आलं, दुसऱ्या दिवशी बुकिंग रद्द.

एरॉक्सची सीट 790 मिलिमीटर उंच आणि रुंदही आहे, म्हणून पाच फूट दोन इंचांच्या माणसाचे चवडेच टेकतात. वजन 126 किलो. पार्किंगमध्ये मागे ओढताना ते जाणवतं, चालवताना नाही.

साडी नेसून मागे बसता येतं का?

एका बाजूने बसता येतं, पण मागची सीट उंच आणि उतरती आहे, पाय ठेवायची जागाही मांडी घालून बसल्यासारखी मागे गेलेली. बायको एकदा पैठणी नेसून बसली. कार्यालयात उतरल्यावर ती म्हणाली, ‘येताना रिक्षाने येईन.’ सलवार-कमीज किंवा जीन्स घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं तर बाइकपेक्षा सीट चांगली रुंद आहे आणि दीड तास बसवतं.

लायसन्स वेगळं लागतं का?

नाही. विनागिअरच्या लायसन्सवर ही स्कूटर चालते, सीसी कितीही असो. गिअरचं लायसन्स असेल तर दोन्ही चालतात. उलट मात्र होत नाही: विनागिअरच्या लायसन्सवर कधीतरी मित्राची बाइक चालवलीत आणि अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवेल.

विमा महाग पडतो असं ऐकलं. खरं आहे?

अर्धं खरं आहे, आणि मजेशीर आहे. थर्ड पार्टी विम्याचा दर सीसीच्या टप्प्यावर ठरतो. 75 ते 150 सीसी हा एक टप्पा, 150 च्या वर 350 पर्यंत दुसरा. 2022 च्या दरपत्रकात नव्या दुचाकीच्या पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याला पहिल्या टप्प्यात 3,851 रुपये आणि दुसऱ्या टप्प्यात 7,365 रुपये लावले होते, कर वेगळा. म्हणजे पाच सीसीसाठी जवळपास दुप्पट. एनटॉर्क 150 चं इंजिन 149.7 सीसीचं आहे, त्यामुळे ती अलीकडच्या टप्प्यात बसते. एरॉक्स 155, झूम 156, दोन्ही पलीकडच्या. पाच वर्षांत विभागलं तर फरक वर्षाला सातशे रुपयांचा, त्यावरून गाडी ठरवू नये. पण शोरूमवाल्याने ऑन-रोडचा कागद पुढे केला की विम्याची ओळ वाचा.

जीएसटीचं सांगायचं तर 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर तो 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्यांवर 40 टक्के. या सगळ्या स्कूटरी 18 मध्ये येतात.

देखभालीला बाइकपेक्षा जास्त खर्च येतो का?

रोजची देखभाल कमी, पण मधूनच एक मोठा खर्च येतो. चेन, स्प्रॉकेट, क्लच केबल हे नाही. इंजिन ऑइल बाइकसारखंच. मागच्या चाकाच्या गिअर डब्यात थोडंसं वेगळं ऑइल असतं, साधारण चहाच्या कपभर. ते बदलायला मेकॅनिक हमखास विसरतो, आठवण करून द्या. लिक्विड कूलिंगवाली गाडी असेल तर कूलंटची पातळी बघत राहायची.

मोठा खर्च बेल्ट आणि रोलरचा. साधारण 20 ते 25 हजार किलोमीटरला बेल्ट बदलावा लागतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. माझ्या पुस्तकात होता. मी वाचला नव्हता. तेवीस हजारांच्या पुढे खंबाटकीच्या चढाला रविवारी दुपारी फट्कन आवाज आला. इंजिन चालू, मूठ पिळली की ओरडतंय, आणि गाडी जागची हलत नाही. बेल्ट तुटला की असंच होतं. बाइकची चेन तुटली तर गावातला कुणीही फिटर काहीतरी जुगाड करून देतो. बेल्टला जुगाड नाही. टेंपोत घालून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांच्याकडे बेल्ट नव्हता, मागवायला नऊ दिवस लागले.

तेव्हापासून नवीन बेल्ट घरात आणून ठेवलेला असतो. बेल्ट संपत आल्याची लक्षणंही आता ओळखू येतात: सुटताना गाडी थरथरते, चढावर इंजिन आधी ओरडतं आणि वेग नंतर येतो, वरचा वेग गाठता येत नाही. रोलर झिजून चपटे झाले की साधारण असंच होतं, म्हणून बेल्टबरोबर तेही बदलून घ्या, कव्हर एकदाच उघडावं लागतं.

तुमच्या तालुक्याच्या गावात त्या कंपनीचा बेल्ट मिळतो का, हे गाडी बुक करण्याआधी फोन करून विचारा.

बॅटरी बसली तर ढकलून चालू होते का?

होत नाही. कुठलीच विनागिअरची स्कूटर ढकलून चालू होत नाही, कारण इंजिन फिरल्याशिवाय आतला क्लच धरतच नाही. एरॉक्सला किकही नाही. जुन्या चेतकला तिरकी करून, परत सरळ करून, चार किका मारून जागं करणाऱ्या पिढीला हे पटायला जड जातं. चार्जरने किंवा दुसऱ्या बॅटरीने चालू करायची. तीन वर्षं झाली की बॅटरी तपासून घ्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फिरवून आणा.

साचलेल्या पाण्यातून जाते का?

घोट्याएवढ्या पाण्यातून हळू जाते. त्यावर नको. बेल्टच्या कव्हरला गार राहण्यासाठी हवा घ्यायला वाट असते, तिथून पाणी शिरलं की बेल्ट ओला होऊन घसरतो आणि ऐन पाण्यात गाडी पुढे जाईना होते. बाइकला हा प्रश्न नाही.

एबीएस असतं का?

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू न देणारी सोय. 125 च्या वरच्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून ते सक्तीचं आहे, त्यामुळे असतं. बहुतेक स्कूटरींना फक्त पुढच्या चाकाला. मागचा ब्रेक ओल्या रस्त्यावर जोरात दाबलात तर चाक घसरणारच. 110 च्या स्कूटरवर दोन्ही ब्रेक मिळून लागायची सोय असते, एबीएस नसतं. मोठी स्कूटर घेण्याचं हे एक कारण मला पुरेसं वाटतं.

एक्स्प्रेसवेवर नेता येईल का?

नाही. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, वांद्रे–वरळी सी-लिंक, सगळीकडे दुचाकींना बंदी आहे, मग ती 155 ची असो की 1200 ची. जुना हायवे आपला.

300–400 सीसीची स्कूटर भारतात मिळते का?

मिळते, पण घेण्यासारखी आहे असं मला वाटत नाही. बीएमडब्ल्यूची सी 400 जीटी 2021 मध्ये आली, 350 सीसी, 34 पीएस, वजन 214 किलो, किंमत तेव्हाच 9 लाख 95 हजार. 2025 मध्ये होंडाची 745 सीसीची एक्स-एडीव्ही आली, जवळपास बारा लाखांना. तिच्यात बेल्ट नाही, स्वतः बदलणारे खरे सहा गिअर आहेत. दोन्ही गाड्या उत्तमच असणार, पण त्या पैशात लोक चारचाकी घेतात.

दुःख मधल्या जवळपास रिकाम्या जागेचं आहे. 175 च्या वर बहुतेक थेट लाखोंची उडी. अडीच-तीन लाखांत 250–300 ची स्कूटर इथे बनायला लागली तर अडीचशेच्या बाइकवाल्यांनाही विचार करावा लागेल. गंमत म्हणजे या वाटेवर पुण्याची कायनेटिक फार आधी निघाली होती. कायनेटिक होंडाने 1980 च्या दशकात विनागिअर आणि बटणस्टार्ट घरोघरी नेलं, आणि नंतर इटलीच्या इटालजेटकडून डिझाइन घेऊन त्यांनी ब्लेझ नावाची 165 सीसीची स्कूटर काढली. तेव्हा लोकांना ती कळलीच नाही. रस्त्यावर एखादी दिसली की मी अजून वळून बघतो.

त्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्यावी का?

रोज 40–50 किलोमीटर, शहरातच, आणि पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग असेल तर घ्या, या पानावरचं बाकी सगळं विसरा. आमच्या सोसायटीत प्लगच्या विषयावर दोन सर्वसाधारण सभा झाल्या आहेत, तिसरी लागायची आहे.

जुनी घेताना काय बघू?

आधी बेल्ट कधी बदलला ते विचारा. उत्तर नसेल तर बेल्ट-रोलरचा खर्च किमतीतून वजा करा. गाडी थंड असताना चालू करून बघा. सुटताना थरथर, मागच्या चाकाच्या डब्याजवळ तेलाचे डाग, पुढच्या रिमला चेपलेली कड, हे तपासा. रिम चेपलेली असेल तर मालकाने गाडी खड्ड्यांतून कशी नेली ते न विचारता कळतं.

टेस्ट राइडला काय करू?

शोरूमच्या गुळगुळीत सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून परत येऊ नका. घरात जे मागे बसणार आहेत त्यांना बरोबर न्या. एखाद्या चढावर गाडी थांबवा, दोघं बसलेले असतानाच, आणि तिथून सुटून बघा. तुमच्या घराजवळचा सगळ्यात वाईट गतिरोधक रोजच्या वेगाने ओलांडा. मग गाडी पार्किंगमध्ये लावा, सेल्समनची मदत न घेता एकट्याने मागे ओढा, आणि तुमच्या जिन्याखालच्या नेहमीच्या जागेत बसते का ते टेपने मोजा. आमच्या जिन्याखाली बाइक बसत होती, स्कूटर चार बोटं रुंद निघाली, म्हणून ती आता शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी उभी असते.